पेन्सिलीचा ठिपका

आजीच्या पहिल्या पुण्यस्मरणाला काका स्मरणिका काढणार आहेत. गुळगुळीत कागद, वर आजीचा रंगीत फोटो, आत तिच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि मागच्या पानांवर जिंतूरच्या दुकानांच्या जाहिराती. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "दोन पानं तू लिव. चांगलं चांगलं लिव आजीबद्दल. तुझं मराठी बरं हाय," म्हणाले. मी हो म्हणाले.

फोटोखाली काय छापायचं तेही ठरलंय. "सत्य हाच जिचा धर्म होता." ही ओळ काकांनी स्वतः सुचवली. ती ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय आणि ते ताळ्यावर यावं अशी माझी इच्छाही नाही. ओळ खोटी नाही. ती कोणी सुचवावी, एवढाच प्रश्न आहे.

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. पूर्णा तालुक्यात असताना चुडाव्याला गाडीतून उतरून पुढच्या गावापर्यंत पायी जायची. मग पेडगावकडे बदली झाली, आणि शेवटची वर्षं जिंतूरजवळच्या एका खेड्यात गेली. माझे वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून मी तिच्याच घरात वाढले आणि तिच्याच वर्गात शिकले.

आमचं घर लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की आजी भिंतीकडे तोंड करून बसायची. गळ्यातली चांदीची डबी उघडून आतलं सुपारीएवढं काळं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायची आणि मग नुसतं बघत राहायची. हे झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. निवडणुकीच्या ड्यूटीवर परगावच्या शाळेत मुक्काम असला तरी ती पहाटे हापशावर आंघोळ करून व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसायची आणि बाकीचे कर्मचारी चहा गार करत तिची वाट बघायचे. पूजा झाली की उरलेली विभूती तीन बोटांनी माझ्या कपाळावर ओढायची. तीन आडव्या रेघा. मी त्या शाळेच्या रस्त्यात पुसून टाकायचे, मुली हसायच्या म्हणून. तिला ते माहीत होतं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायची.

त्या डबीच्या एका बाजूला चेपलेला खड्डा होता. माझ्या वडिलांनी दात येताना ती चावली होती. बोलता बोलता आजीचा अंगठा त्या खड्ड्यात जाऊन बसायचा.

आता ठिपक्याचं सांगते, कारण तिचा हरेक विद्यार्थी स्मरणिकेत तेच लिहिणार आहे आणि एकालाही ते पुरतं कळलेलं नाही. आजी वहीत चूक दिसली की फुली मारत नसे. शिसपेन्सिलीनं समासात एक बारीक ठिपका द्यायची आणि वही परत करायची. काय चुकलं ते आपण शोधायचं, दुरुस्त करायचं, मग तिच्यापुढे वही धरायची. ती बघायची आणि म्हणायची, "खोड आता." ठिपका आपल्या हातानं, आपल्या खोडरबरानं खोडायचा. ती कधीच खोडायची नाही. खोटं बोललं तरी तेच. "बरं," म्हणायची, वही ओढून घ्यायची, कोऱ्या पानावर एक ठिपका द्यायची. तो ठिपका चार दिवस राहो की चार आठवडे, त्याबद्दल ती चकार शब्द काढायची नाही. पोरं आपणहून रडत यायची.

माझ्याही वहीत एकदा आला. तिसरीत असताना मी हजेरीपटाचं पान फाडून होडी केली आणि नाव मैत्रिणीचं सांगितलं. मैत्रीण वडारवाड्यातली होती. तिचं नाव सांगितलं की कोणी फार विचारणार नाही, एवढी अक्कल मला आठव्या वर्षी होती. मला कोणी शिकवली नव्हती. ती हवेतच असते. आजी म्हणाली, "बरं." ठिपका दिला. तीन दिवसांनी मी तिच्या पदराला धरून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खोड म्हणेल.

"माझ्यापाशी काय सांगायलीस?" ती म्हणाली. "नाव कोणाचं घेतलंस? तिच्या घरी जा. तिच्या आईसमोर सांग. मग ये."

मी गेले. त्या झोपडीच्या दारात उभं राहून सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून पायांत आहे. तिच्या आईनं नुसतं मुलीकडे पाहिलं. परत आले तेव्हा आजी म्हणाली, "खोड आता."

हे एवढं नीट लक्षात ठेवा, मग पुढचं वाचा.

मागच्या वर्षी आजी न्हाणीघरात पडली. काकांनी गाडी काढली, मी सोबत. परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं. डोक्याचा स्कॅन करायचा म्हणाले. गळ्यातलं काढा, धातू चालत नाही म्हणाले. ती डबी मीच काढली. आजी अर्धवट शुद्धीत होती, तरी तिचा हात गळ्याकडे आला आणि मी तो बाजूला केला. यंत्रावरच्या माणसाच्या हातात डबी दिली. मग स्कॅन झाला, ट्रॉली बाहेर आली, धावपळ झाली. डबीचं भान राहिलं नाही. मला राहिलं नाही.

संध्याकाळी आजीला पुरती शुद्ध आली. पहिला हात गळ्याकडे गेला. "माझं कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी खाली धावले. स्कॅन करणारा माणूस ड्यूटी संपवून गेला होता आणि त्याच्या जागेवरचा म्हणाला, इथं काही नाही. गेलेल्याला एक फोन करायचा होता. तेवढंच करायचं होतं. पण काकांना त्याची गरज वाटली नाही, कारण ट्रॉली ढकलणारी मावशी समोरच उभी होती.

दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. मावशी म्हणायचं आणि पिशवी तपासायची. काकांनी तिला वॉर्डाच्या दाराशी थांबवलं. "पिशवी उघड," म्हणाले. ती म्हणाली, "साहेब, मी कामून घेऊ? देवाची वस्तू हाय ती." काका म्हणाले, "चांदीची हाय म्हणूनच." तिनं पिशवी फरशीवर उपडी केली. अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा बांधलेला कागद, एक साबणाची वडी, मुलीची तुटलेली चप्पल, शिवायला न्यायची असावी. काकांनी चपलेत बोटं घालून बघितली. वॉर्डातले सगळे बघत होते. मी पण बघत होते. मी म्हणाले नाही, काका, असं नका करू. माझ्याही मनात होतं, कोण जाणे, असेलही. हजेरीपटाचं पान फाडलं तेव्हाची अक्कल. आजीची खाट दारापासून तिसरी होती.

त्या रात्री आजीनं पाणी घेतलं नाही. गोळ्याही घेतल्या नाहीत. सलाईन चालू होतं, पण ओठ सुकून फाटले होते. "मिळालं का?" एवढंच विचारायची. डॉक्टर सकाळी चिडले, गोळ्या पोटात गेल्याच पाहिजेत म्हणाले.

मग काकांनी मार्ग काढला. बाजारातून नवं लिंग आणलं आणि नवी डबी आणली. डबी फार चकचकीत होती म्हणून ती दवाखान्याच्या जिन्यात बसून पायरीवर घासली. माझे काका, वय वर्षं साठ, जिन्यात बसून चांदी घासत होते जुनी दिसावी म्हणून. मी म्हटलं, मठातल्या स्वामींना विचारू. हरवलं तर नवं देतात, त्याची रीत आहे, पण तिला सांगून द्यावं लागतं, ते दीक्षा देतात. काका म्हणाले, "सांगून? बीपी वाढलं तर तू जिम्मेदार? तिला मोतीबिंदू हाय, दिसायलंय काय? आन तूच दे. तुझ्यावर तिचा भरोसा हाय."

हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. भरोसा होता म्हणूनच मला पाठवलं.

मी डबी तिच्या हातात दिली. तिनं उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. उजव्या हाताचा अंगठा डबीच्या बाजूवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. खड्डा नव्हता. फक्त पायरीचे ओरखडे होते. तिनं माझ्याकडे मान वळवली. "हेच का गं माझं?"

"हो आजी. तेच."

"बरं," आजी म्हणाली.

पूजा केली. मग पाणी मागितलं. अख्खा पेला प्याली, गोळ्या घेतल्या. काका पायथ्याशी उभे होते, त्यांनी मला डोळ्यांनी शाबासकी दिली. आजीनं उरलेली विभूती बोटावर घेतली, माझं डोकं खाली ओढलं. मी कपाळ पुढे केलं. तिनं तीन बोटं ओढली नाहीत. एक बोट टेकवलं, उचललं.

ठिपका.

मला कळलं. मी इतकी काही ढ नाही. मला वाटलं, खोटं लिंग दिलं त्याचा हा ठिपका. दुपारी सांगू, असं ठरवलं. मग तिला झोप लागली. मग संध्याकाळी पाहुणे आले. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगू, बरी झाल्यावर. पाचव्या दिवशी तिला झटका आला आणि ती गेली. आमच्यात बसवून पुरतात. बसवताना डाव्या हाताच्या तळव्यावर लिंग ठेवतात, जन्मभर जे पूजलं तेच. आजीच्या तळव्यावर बाजारातलं ठेवलं. काका रडत होते आणि त्यांचं रडणं खरं होतं. त्याचा मला जास्त राग येतो.

मधलं एक मला तेव्हा माहीत नव्हतं. आजीनं पाणी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी दवाखान्यात लेखी तक्रार दिली. चांदीची वस्तू गेली, अमुक बाईवर संशय आहे. का, तर अशी माणसं सोडली की सोकावतात. मावशीला कामावरून काढलं.

आता दिवाळीच्या साफसफाईत काकांच्या माळ्यावरची दवाखान्याची फाइल मी खाली काढली. स्कॅनच्या फिल्मचं ते मोठं पांढरं पाकीट. डॉक्टरांनी सगळं कम्प्युटरवर बघितलं होतं, त्यामुळे पाकीट कोणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं. तळाशी प्लास्टिकची पुडी होती, स्टेपलर मारलेली, वर आजीचा खाट नंबर. आत डबी, तिच्या बाजूला माझ्या वडिलांच्या दातांचा खड्डा.

त्या पाकिटावर मी दवाखान्यात रोज जेवले. खाटेजवळच्या स्टुलावर ते पाकीट अंथरायचे आणि वर डबा ठेवायचे, म्हणजे स्टुलाला तेल लागायला नको. डबा एका बाजूला कलायचा. मी दर वेळी तो सरळ करायचे, पुन्हा कलायचा. खाली हात घालून बघावं, एवढं मला सुचलं नाही. आजी दोन हातांवर फाटक्या ओठांनी पडली होती आणि मी कलणारा डबा सरळ करत होते.

काकांना दाखवलं. त्यांनी डबी फिरवून खड्डा बघितला. मग म्हणाले, "आता कोणाला बोलू नको. गंगाखेडला जाऊन गोदावरीत सोडून देऊ."

"आणि त्या मावशीचं?"

"तिचं काय? तिनं दुसरं काम बघितलं असंल. वर्ष झालं. आता उकरून काय फायदा?"

मी डबी पर्समध्ये टाकून उठले.

तिला शोधायला तीन रविवार गेले. दवाखान्यातल्या दुसऱ्या मावशीनं आधी ओळखच दाखवली नाही, आणि तिचं बरोबर होतं. शेवटी बसस्टँडमागच्या एका खानावळीचं नाव सांगितलं. मी गेले तेव्हा ती मागच्या बाजूला भांडी घासत होती. मला बघताच तिनं ओळखलं. हात थांबवले नाहीत.

मी सगळं सांगितलं. पाकीट, पुडी, डबी. डबी काढून तिच्यापुढे धरली. वाटलं, ती हातात घेईल, नमस्कार करेल, काहीतरी होईल. ती मागे सरकली. "मी हात लावनार न्हाई. परत काही कमी भरलं तर?"

मी माफी मागितली. ती घासत राहिली. मग म्हणाली, "म्हातारीनं मागितली व्हती माझी माफी. तवाच."

मला काही समजेना.

"सकाळी फरशी पुसाया गेले तर माझा हात धरला तिनं. ते नवं दिलं ना तुमी, त्याच्या मागून. म्हनली, माझ्या लेकरांनी तुझी पिशवी उघडली, मी आयकत व्हते. आता मी पाणी पेले. आता तुला कोनी काही इचारनार न्हाई." तिनं परात उपडी केली. "तिला वाटलं, तिनं घेतलं म्हंजी मिटलं. तिला काय ठावं तुमची जात."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. जन्मभर जिनं लिंगाशिवाय घोट घेतला नाही, ती बाजारातलं लिंग हातावर घेऊन पेलाभर पाणी प्याली होती. आमच्या खोट्याला भुलून नाही, आणि गोळ्यांसाठीही नाही. वॉर्डातल्या एका मावशीला आम्ही पुन्हा दारात उभं करू नये म्हणून. आणि मी वर्षभर समजत होते की ठिपका लिंगाचा आहे. आजीजवळ त्या दुपारी सांगितलं असतं तरी ती तेच म्हणाली असती. माझ्यापाशी काय सांगायलीस? नाव कोणाचं घेतलंस?

"मी काय करू?" मी विचारलं.

"मला काय इचारता?" ती म्हणाली. मग हात पदराला पुसून माझ्यासमोर उकिडवी बसली. "माझी पोरगी सातवीला हाय. शाळंत पोरी तिला चोराची म्हनतेत. मागं एक दिवस मला म्हनली, आई, खरं सांग, घेतलं व्हतंस का? माझ्या पोटची पोरगी. तुमी लिवून द्या. तोंडी नको, तोंडी तुमी लोक लय गोड बोलता. कागदावर लिवा, सही करा. मला वाचता येत न्हाई, ती वाचंल. आन ज्यानं चपलेत बोटं घातली, त्याची बी सही पायजे."

मी तिथंच पर्समधल्या वहीचं पान फाडून लिहिलं, सही केली. तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं. मग घडी घालून कमरेला खोचलं.

"दुसरी सही?"

"आणते."

"मग हे अर्धंच हाय," ती म्हणाली आणि परत नळाकडे गेली.

त्याच संध्याकाळी मी जिंतूरला काकांकडे गेले. ते म्हणाले, अशी सही दिली तर उद्या ती भरपाई मागेल, कोर्टात जाईल, आजीच्या नावाला बट्टा लागेल. आजीच्या नावाला. मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहीत नाही, काकू तोंडाला पदर लावून आत गेली होती. मी एवढंच म्हणाले की दोन पानं लिहून देईन. त्यांना वाटलं, माझा राग निवला.

तर काका, ही तुमची दोन पानं, जरा जास्तच झाली. चांगलं चांगलं लिहायचं होतं. माझ्या आजीबद्दल याहून चांगलं मला काही माहीत नाही. छापायचं की फाडायचं ते तुम्ही ठरवा. फाडलंत तर माझ्याकडे दुसरी प्रत आहे, आणि पुण्यस्मरणाच्या दिवशी माइक सगळ्यांनाच देणार आहात. डबी मी गोदावरीत सोडणार नाही. तुमची सही होईपर्यंत ती माझ्याकडे राहील, मग स्वामींना विचारून आजीच्या समाधीपाशी नेऊ, तुम्ही आणि मी.

खाली मी मावशीच्या मुलीसाठी लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा आहे. तो कागद मावशीकडे आहे, हा तुमच्या सहीनिशी तिला नेऊन द्यायचा.

"आमच्या आजीची चांदीची डबी दवाखान्यात चोरीला गेलेली नव्हती. ती आमच्याच पाकिटात, आमच्याच जवळ होती. तुझ्या आईनं काहीही घेतलं नव्हतं. तिची पिशवी आम्ही सगळ्यांसमोर उघडली, तिच्यावर खोटी तक्रार केली, तिचं काम घालवलं. चोरी झालीच नव्हती. खोटे आम्ही होतो."

त्याखाली इथेही माझी सही आहे. तिच्या शेजारी तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे, आणि ती कुठे करायची ते कळावं म्हणून पेन्सिलीनं एक ठिपका दिला आहे.